एसटीपीचं पाणी शेताला घ्यावं का? बीओडी पास आहे, पण गोळ्या-औषधांचं काय?

काळीमाती · सोमवार, रात्री

राम राम मंडळी. आमचं गाव शहराच्या नाल्याच्या खालच्या अंगाला येतं. कोणतं शहर ते राहू द्या, मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे. तिथल्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचं, पाणी पाईपलाईननं आमच्या शिवारात द्यायचं घाटतंय, रब्बीला आणि उन्हाळ्यातही. शेतकरी गटाच्या सह्या मागितल्यात.

बैठकीत अहवाल दाखवला. बीओडी (पाण्यातली कुजणारी घाण) १० च्या आत, टीएसएस (तरंगता गाळ) ठीक, पीएच ठीक, फीकल कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू) मर्यादेत. बाटलीत धरलं तर पाणी विकतच्यासारखं नितळ. गावातल्याच एका एमएस्सी करणाऱ्या पोरीनं विचारलं, "यात औषधांचे अंश, अँटिबायोटिक, ती न कुजणारी पीएफएएस रसायनं, हे तपासलंय का?" साहेब म्हणाले, "ते आपल्या फॉर्मात नाही." हशा झाला, चहा आला, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना.

आमच्याकडं मोसंबी, कापूस, तूर. बांधाच्या कडेनं बायकांचं माळवं असतं, मेथी, पालक, कोथिंबीर, ते आठवडी बाजारात जातं. पाण्याला नको म्हणायची ऐपत कुणाचीच नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तरी सही करायच्या आधी समजून घ्यायचंय: हे अंश खरंच असतात का, गाळता येतात का, आणि गाळायचे तर कशानं? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

लातूरचा_जावई · सोमवार, रात्री

रुमाल टाकून ठेवतो. सासुरवाडीला आंघोळीचं पाणी झाडाला आणि झाडाचं राहिलेलं बादलीत, असा पुनर्वापर आम्ही फार आधीपासून करतोय. आता गोळ्यांचंही ऐकू.

पाणचक्की · सोमवार, रात्री

दादा, शेताचं काय घेऊन बसलात, आपण ते पितोच आहोत. नाशिकचं सांडपाणी गोदावरीत, गोदावरी नाथसागरात. आमच्या संभाजीनगरची खाम नदी शहराची घाण घेऊन तिकडंच जाते. आणि शहराच्या नळाला पाणी कुठलं, तर जायकवाडीचं. मध्ये तुरटी, वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन. या तिघांनी गढूळपणा जातो, जंतू मरतात, विरघळलेलं औषध फारसं हलत नाही. फरक इतकाच की धरणात मिसळून ते पातळ होतं. तुमच्या पाईपलाईनीत ते पातळ करायला कोणी नाही.

गाळणीवाला · मंगळवार, सकाळी

काळीमाती दादा, माझी बरीच नोकरी सांडपाण्याच्या प्लँटवर गेली, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: असतात. जगात जिथं जिथं एसटीपीचं पाणी नीट तपासलंय तिथं सापडलेत. एसटीपीत काम करतात ते जंतू. हवा मारून त्यांना वाढवायचं आणि त्यांच्याकडून मैला खाऊन घ्यायचा, एवढंच तंत्र. प्लँटचा प्रकार एसबीआर म्हणा, एमबीबीआर म्हणा, गाभा तोच. हे जंतू जे मुबलक आणि पचायला सोपं तेच खातात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, चहा-कॉफीतलं कॅफीन हे बऱ्यापैकी खाल्लं जातं. मधुमेहाचं मेटफॉर्मिनही बरंचसं मोडतं, पण पूर्ण मोडत नाही, ग्वानिलयुरिया नावाचं दुसरं रसायन होऊन बाहेर पडतं. फिटसच्या गोळीतलं कार्बामाझेपिन जवळजवळ जसं येतं तसं जातं. डायक्लोफेनॅक अर्धंमुर्धं. शुगर-फ्री पुड्यांतलं सुक्रॅलोज तर इतकं टिकाऊ की पाण्यात ते सापडलं म्हणजे वर कुठंतरी सांडपाणी मिसळलंय असं खुशाल धरावं.

आता प्रमाण. ही मापं नॅनोग्रॅमची, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाची. समजा प्लँटमधून रोज १ कोटी लिटर पाणी निघतं आणि एखादं औषध लिटरमागे १०० नॅनोग्रॅम आहे. दिवसाचा हिशेब होतो १ ग्रॅम. एवढं औषध एवढ्या पाण्यातून वेचायचं आणि त्याच पाण्यात त्याच्या हजारो पट दुसरा सेंद्रिय कचरा विरघळलेला. बीओडीच्या चाचणीला हा १ ग्रॅम दिसणं शक्यच नाही. साहेब खोटं बोलले नाहीत, फॉर्मात खरंच नाही. त्याला एलसी-एमएस लागतं, एकेक रेणू वेगळा करून मोजणारं यंत्र, ते मोठ्या प्रयोगशाळांतच असतं.

ओपीडी_संपली · मंगळवार, दुपारी

मी डॉक्टर आहे, पाण्यातलं तांत्रिक मला कळत नाही, पण हे तिथं पोचतं कसं ते सांगते. मेटफॉर्मिन शरीरात बदलतच नाही, जेवढं घेतलं तेवढं लघवी-शौचातून जसंच्या तसं जातं. सिप्रोफ्लॉक्सासिनचं निम्म्याच्या आसपास तसंच बाहेर येतं. सीटी स्कॅनच्या आधी शिरेतून देतात ते आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, ते दिवसभरात जवळपास सगळं संडासाच्या वाटेनं जातं. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये म्हणून अशा पेशंटना घरी जाताना लघवीच्या पिशव्या देऊन पाहिल्या, गटारात जाऊ नये म्हणून.

आणि गुडघ्याला चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल! कातडीतून आत जातं फार तर ६-७ टक्के. बाकीचं हाताला, टॉवेलला, आंघोळीच्या पाण्याला. जेल लावल्यावर हात धुण्याआधी कागदानं पुसून तो कचऱ्यात टाका, असं मी प्रत्येक आजींना सांगते. आजी म्हणतात, "पुसायचं कशाला, वाया जातंय की." त्या तो हात दुसऱ्या गुडघ्याला पुसतात.

डायक्लोफेनॅकनं गिधाडं संपवली हे सगळ्यांना माहीत असेल. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या बंद करून ३ मिलीच ठेवली, कारण त्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही बंद झालं. ती गिधाडं मेलेलं जनावर खाऊन गेली, पाणी पिऊन नाही. तरी एक औषध एखाद्या भलत्याच जीवाला किती सोसत नाही, याचा याहून ढळढळीत दाखला आपल्या देशात नाही.

शिफ्ट_इंचार्ज · मंगळवार, रात्री

घराघरातलं औषध आणि कारखान्यातलं औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळ्यांतलं मूळ औषध बनवायच्या, धंद्यात आहे, कंपनीचं नाव विचारू नका.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणारा सामाईक प्लँट आहे. त्यातून बाहेर पडणारं, म्हणजे 'शुद्ध' केलेलं पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासलं, २००७ मध्ये छापून आलं. सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. नॅनोग्रॅममध्ये ३ कोटी १० लाख. पेशंटच्या रक्तात डोस घेतल्यावर असतं त्याहून जास्त. तिथला ओढा नक्कावागूतून मांजरेला मिळतो. तीच मांजरा, जी आपल्या बीडच्या बालाघाटात उगवते, लातूरला पाणी पाजते, आणि निजामसागराच्या खाली वळसा घालून परत आपल्या बिलोलीच्या शिवेवर येते.

नियम म्हणाल तर २०२० च्या जानेवारीत केंद्रानं मसुदा काढला होता. त्यात शंभराहून जास्त अँटिबायोटिकांच्या सांडपाण्यातल्या मर्यादा होत्या. २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली त्यात त्या मर्यादाच गायब. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या सूचनाच.

सांगायचा मुद्दा हा: चांगल्या कंपनीत हे पाणी आतच उकळून आटवतात, एमईई आणि पुढं ड्रायर. वीज-वाफेचा खर्च अंगावर येतो. मग कुणीतरी रात्री टँकर भरून शहराच्या मॅनहोलवर नेतो. मी एका ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलंय. असा एक टँकर एसटीपीत गेला तर अख्ख्या शहराच्या गोळ्यांचा हिशेब त्यापुढं फिका. दादा, सही करायच्या आधी विचारा की या एसटीपीला एमआयडीसीचं कनेक्शन आहे का, आणि टँकर कोण मोजतं.

काळीमाती · मंगळवार, रात्री

हे भारी सांगितलंत. टँकरचं कुणी बोललंच नव्हतं. विचारतो.

सिंगापूरकर_पैठणचा · बुधवार, सकाळी

मला कळत नाही एवढी चर्चा कशाला. सिंगापूरमध्ये २००३ पासून न्यूवॉटर आहे. मायक्रोफिल्टर, मग आरओ, मग यूव्ही म्हणजे अतिनील किरण. बाटलीतसुद्धा भरून देतात, मी प्यायलोय. आरओ लावा आणि विषय संपवा. आपल्याकडं प्रत्येक घरात आरओ आहे, मग एसटीपीवर का नाही?

गाळणीवाला · बुधवार, दुपारी

पैठणकर, आरओ उत्तम गाळतं, वादच नाही. औषधं, हार्मोन, पीएफएएस बहुतेक सगळं अडवतं. एनडीएमएसारखे अगदी बारीक रेणू थोडे निसटतात, म्हणून कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीला २००८ पासून आरओच्या पुढं यूव्ही आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जोडलंय.

पण आरओ काही नष्ट करत नाही, बाजूला काढतं. १०० लिटरातले ७५ ते ८५ लिटर चांगलं पाणी, उरलेल्यात सगळं क्षार आणि सगळी औषधं चार-सहा पट दाट होऊन. १ कोटी लिटरच्या प्लँटवर हे रिजेक्ट रोजचं १५ ते २५ लाख लिटर. ते सिंगापूरही समुद्रात सोडतं, ऑरेंज काउंटीही समुद्रात सोडते. आपण कुठं सोडणार? दुधनेत? सिंदफणेत? की परत त्याच नाल्यात, जो काळीमातींच्या गावाला जातो? आटवायचं म्हटलं तर शिफ्ट इंचार्जांनी सांगितलेला खर्च. तमिळनाडूत तिरुपूरला २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं रंगाई कारखाने बंद करायला लावले, मग थेंबही बाहेर सोडायचा नाही अशा अटीवर ते चालू झाले. पाणी वाचलं, पण मिश्र मिठाचे ढीग गोदामांत साठले, त्यांना गिऱ्हाईक नाही.

समुद्र नसलेल्या माणसानं सिंगापूरकडं बघू नये, विंडहोककडं बघावं. नामिबियाची राजधानी. समुद्र साधारण ३०० किलोमीटर लांब, पाऊस मराठवाड्याच्या निम्मा. १९६८ पासून ते लोक सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाईपात मिसळतात. २००२ मध्ये नवा प्लँट बांधला, दिवसाला २ कोटी १० लाख लिटरचा. त्यात आरओ नाही. ओझोन, त्यामागे जंतू पोसलेल्या कोळशाचा थर, त्यामागे साधा सक्रिय कोळसा, मग अल्ट्राफिल्टर आणि क्लोरीन. ओझोन मोठ्या रेणूंचे तुकडे करतो, कोळशावरचे जंतू ते तुकडे खातात, उरलेलं कोळशाला चिकटतं. दाट रिजेक्टचा प्रश्नच येत नाही.

आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: विंडहोकनं कारखान्यांचं सांडपाणी वेगळ्या प्लँटला वळवलं. या प्लँटला फक्त घरगुती जातं. गाळणी निवडायच्या आधी त्यांनी गाळायचं काय ते ठरवलं. आपल्याकडं आधी टेंडर निघतं.

ओझोन-कोळशाच्या उणिवाही सांगतो, नाहीतर विक्रेता वाटायचो. क्षार यातून जात नाहीत. पीएफएएसवर ओझोनचा काडीचा परिणाम होत नाही, कोळसा लांब साखळीवाले धरतो, आखूड साखळीवाले लवकर सुटतात. अमेरिकेनं २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीएफएएसची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठेवली. ती गाठायला कोळसा वारंवार बदलावा लागतो. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोननं ब्रोमेट तयार होतं, तेही घातक. म्हणून ओझोनचा डोस मोजून, विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या ग्रॅममागे साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम. जास्त दिला म्हणजे जास्त शुद्ध, असं नाही.

नुसत्या यूव्हीनं होईल का, असं पुढं कुणी विचारेलच. जंतू मारायला लागतो तेवढ्या यूव्हीनं औषध मोडत नाही, दहापट आणि वर पेरॉक्साइड लागतं.

सिंगापूरकर_पैठणचा · बुधवार, दुपारी

रिजेक्टचा मुद्दा मान्य. माझ्या पैठणच्या घरच्या आरओचं रिजेक्ट आई अंगण धुवायला वापरते, ते आठवलं.

मोसंबी_जालना · बुधवार, संध्याकाळी

कोळसाच लागतो ना? मग आमच्याकडं पऱ्हाट्या आणि तुराट्या ढिगानं पडल्यात, शेतात पेटवून देतात. ड्रममध्ये जाळून कोळसा करू, त्याचा थर टाकू. गावातल्या गावात काम होईल.

गाळणीवाला · बुधवार, रात्री

जालनाकर, विचार वाईट नाही, पण ड्रममधला कोळसा म्हणजे बायोचार. सक्रिय कोळसा व्हायला तो ८००-९०० अंशांवर वाफेत परत भाजावा लागतो. तेव्हा त्यात बारीक भोकं पडतात आणि एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग १००० चौरस मीटरच्या आसपास जातो. ड्रमच्या कोळशाला त्याचा लहानसा भाग मिळतो, आणि तोही घाणीतल्या इतर सेंद्रिय पदार्थांनी लवकर भरून जातो. शिवाय धूर, राख, प्रत्येक भट्टीचा माल वेगळा.

तरी पऱ्हाटीपासून सक्रिय कोळसा होतो, प्रयोगशाळांत झालाय. कुणी कारखाना काढला तर नारळाच्या करवंटीच्या कोळशाला पर्याय होईल. मराठवाड्यात करवंटी कुठून आणायची? कापूस मात्र आपलाच. हे काम शेतकऱ्यानं ड्रममध्ये करण्याचं नाही इतकंच.

तोवर शेताच्या पाण्यासाठी कर्दळ, पाणकणीस लावलेले खडी-वाळूचे वाफे पुष्कळ काम करतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, कॅफीन त्यात चांगलं उतरतं. कार्बामाझेपिनला कर्दळही हरते.

परभणीची_माती · गुरुवार, सकाळी

मातीवाली म्हणून मध्ये पडते. इस्राइलमध्ये सांडपाण्याचं जवळपास ९० टक्के शेतीला जातं, आणि तेल अवीवच्या शाफदान प्लँटचं पाणी आधी वाळूच्या थरातून महिनोन्महिने जिरवून मग उपसतात. वाळू आणि तिच्यातले जंतू उरलेलं बरंच काही संपवतात. हे ऐकून आपल्याकडं लगेच कुणीतरी म्हणतं, शोषखड्ड्यात, शेततळ्यात, पडीक विहिरीत सोडा, जमीन गाळून घेईल. कृपा करून नको. आपल्याखाली बेसॉल्ट आहे. वर काळी चिकणमाती, ओली झाली की पाणी जिरू देत नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. भेगेतून गेलेलं पाणी न गाळता मुरुमात, तिथून खडकाच्या फटीत, तिथून शेजाऱ्याच्या बोअरमध्ये. गाळायला मध्ये कुणी नाही.

काळ्या मातीचा एक गुण आहे, ती विद्युतभारानं धन असलेली औषधं घट्ट धरते. सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन तिच्यात अडकतात. पण डायक्लोफेनॅक, पीएफएएस हे ऋण, ते खाली सरकतात. कार्बामाझेपिनला भारच नाही, ते पाण्याबरोबर मुळात आणि मुळातून पानात चढतं. पान पाणी बाहेर टाकतं, औषध मागे राहतं. म्हणून पालेभाजीत जास्त, फळात कमी. इस्राइलमध्येच २०१६ मध्ये छापलेला प्रयोग आहे: काही निरोगी लोकांना आठवडाभर सांडपाण्यावरची भाजी दिली, काहींना ताज्या पाण्यावरची. सांडपाण्यावरची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन आलं, आठवड्यानं भाजी बदलली तसं कमी झालं. मात्रा औषधाच्या डोसच्या मानानं अगदीच क्षुल्लक. पण पोचलं, हे खरं.

काळीमाती भाऊ, तुमच्या मोसंबीला औषधांआधी मीठ मारेल. लिंबूवर्गीय झाडं क्षाराला नाजूक. सांडपाण्यात साबण-डिटर्जंटचा सोडियम असतो, काळ्या मातीत तो साचला की माती फुगते, घट्ट होते, पाणी तुंबतं. अहवालात ईसी (एकूण क्षार), एसएआर (सोडियमचा वरचढपणा), क्लोराइड, बोरॉन नसेल तर सही करू नका. नॅनोग्रॅमच्या आधी हे बघा.

टँकरवाडी · गुरुवार, दुपारी

सगळे हुशार आहात, पण एक विचारतो. आमच्या गावाला मार्चपासून टँकर. दोन घागरींसाठी बायका रांगेत. तिथं लिटरला १०० नॅनोग्रॅमवर डोकं चालवायचं म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत का? मला ते पाणी द्या, मी मुकाट घेतो.

ओपीडी_संपली · गुरुवार, रात्री

चोचले नाहीत, दादा, आणि तुमचा रागही खोटा नाही. हिशेब करते. कार्बामाझेपिनची एक गोळी २०० मिलिग्रॅमची. पाण्यात लिटरला २०० नॅनोग्रॅम असेल तर एका गोळीइतकं पोटात जायला १० लाख लिटर पाणी प्यावं लागेल. त्या भाजीनं कुणी आजारी पडेल असं मी सांगत नाही.

काळजी दुसरीकडं आहे. कॅनडात एका तळ्यात संशोधकांनी मुद्दाम गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन सोडलं, लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. काही वर्षांत तिथली एक जातीची छोटी मासळी जवळजवळ नाहीशी झाली. हेही २००७ मध्येच छापलं गेलं. आणि अँटिबायोटिकचा सतत थोडा-थोडा डोस म्हणजे जंतूंना सराव. माझ्याकडं लघवीच्या जंतुसंसर्गाचे रिपोर्ट येतात त्यात एकामागून एक औषधापुढं 'रेझिस्टंट'. ते सगळं पाण्यातूनच आलं असं नाही, दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्यांचा वाटा मोठा आहे. पण ज्या गावाला पुढचं औषध परवडत नाही, त्याला याचा फटका आधी बसतो. टँकरवाडीलाच.

टँकरवाडी · गुरुवार, रात्री

बरं ताई. पण पाणी तर लागणारच.

पाणचक्की · शुक्रवार, सकाळी

पाणी लागणारच, म्हणून अदलाबदल करा की. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, चेन्नईत २०१९ पासून कोयंबेडू आणि कोडुंगैयूरचे दोन प्लँट, रोज साडेचार-साडेचार कोटी लिटरचे, कारखान्यांना देतात. थंड करायच्या पाण्यात कार्बामाझेपिन आहे की नाही याची टर्बाइनला फिकीर नसते. आपलं परळीचं केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, विसरलात का? जालन्याच्या स्टीलला, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांना एसटीपीचं द्या आणि त्यांचं धरणातलं आरक्षण टँकरवाडीला. मग गाळणीही एवढी बारीक लागत नाही.

शिफ्ट_इंचार्ज · शुक्रवार, दुपारी

+१. आमच्या कूलिंग टॉवरला चालेल. क्षार तेवढे आवरून द्या, नाहीतर पाईपात थर बसतो. अडचण एकच, धरणाचं पाणी सवयीचं आहे, ते सोडवत नाही कुणाला.

लातूरचा_जावई · शुक्रवार, रात्री

एक बाळबोध प्रश्न. ओझोन, कोळसा, हे सगळं करायचं तर बिल कुणाच्या माथी?

गाळणीवाला · शुक्रवार, रात्री

स्वित्झर्लंडनं २०१६ पासून कायदा केला: सातशेहून जास्त प्लँटपैकी शंभरेक मोठे किंवा नाजूक जागचे प्लँट २०४० पर्यंत ओझोन किंवा कोळशानं सुधारायचे, सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के उतरली पाहिजेत. पैसा प्रत्येक जोडलेल्या माणसामागे वर्षाला ९ फ्रँकपर्यंत. सगळे प्लँट नाहीत, निवडक, हे ध्यानात घ्या. युरोपीय संघानं २०२४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: नेहमीच्या तीन टप्प्यांपुढच्या या चौथ्या टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी द्यायचा. कंपन्या त्यावरून भांडतायत.

आपल्याकडं हा टप्पा कायद्यातच नाही, त्यामुळे बिलाचा प्रश्न आज निघतच नाही. माझं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या प्रत्येक एसटीपीला ओझोन लावायची काहीही गरज नाही. कारखान्याचं पाणी गटारात येऊ न देणं हे सगळ्यात स्वस्त गाळण. त्यानंतर जिथलं पाणी माणसाच्या पिण्याच्या साठ्याकडं वाहतं, तिथं कोळसा. खामसारख्या ठिकाणी तो पहिल्यांदा बसावा. कापसाच्या शेताला तो बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

काळीमाती · रविवार, रात्री

बैठक झाली. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते. टँकरची विचारणा केली तेव्हा साहेब आधी गप्प, मग म्हणाले, "आवक नोंदवही दाखवू." कोणतीही तारीख दिली नाही. ईसी, एसएआर, क्लोराइड, बोरॉन पुढच्या अहवालात घालायचं कबूल केलं, ते सोपं निघालं. एलसी-एमएस म्हटल्यावर खर्चाचं कारण सांगितलं. शेवटी ती एमएस्सीवाली पोरगी म्हणाली, सगळं नको, चारच बघा: कार्बामाझेपिन, डायक्लोफेनॅक, सिप्रोफ्लॉक्सासिन, सुक्रॅलोज. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर, एकदा मे महिन्यात, नाला सगळ्यात घट्ट असतो तेव्हा. सिप्रो अचानक वाढलं तर कुठलातरी टँकर आला असं समजायचं. हे गटाच्या ठरावात लिहून घेतलं.

गटानं असं ठरवलं की कापूस, तूर आणि मोसंबीला घ्यायचं, ठिबकनं. माळव्याला नाही. बायका चिडल्या, कारण माळव्याचाच पैसा त्यांच्या हातात राहतो. त्यांच्या वाफ्यांसाठी जुन्या विहिरीचं पाणी राखून ठेवायचं, ऊस कुणी लावायचा नाही, अशी तडजोड झाली. ऊसवाले दोघं उठून गेले.

अजून एक. प्लँटवरून वाळलेला गाळ फुकट खत म्हणून देतो म्हणाले, ट्रॉलीनं घेऊन जा. घ्यावा का?

परभणीची_माती · सोमवार, सकाळी

पाण्यातून जे 'गेलं' असं अहवालात दिसतं, त्यातलं बरंचसं गाळात बसलेलं असतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, साबणातलं ट्रायक्लोसान, धुण्याच्या मशीनमधून आलेले पॉलिस्टरचे बारीक तंतू, सगळं त्यात. कारखान्याचं कनेक्शन असेल तर जड धातूही. आवक नोंदवही हातात येईपर्यंत ट्रॉली रिकामीच ठेवा. घेतलाच तर कंपोस्ट करून, कापसाच्या तुकड्यात, माळव्यापासून लांब.

मोसंबी_जालना · सोमवार, दुपारी

आणि त्या फिल्टरमधला वापरून झालेला कोळसा? तो तरी शेतात चालतो का? आमच्याकडं एक जण तसा वाटतोय.

गाळणीवाला · सोमवार, रात्री

अजिबात नाही. तो भट्टीत परत तापवून वापरतात, नाहीतर उच्च तापमानाला जाळतात. पाण्यातून महिनोन्महिने वेचलेलं सगळं त्याच्या भोकांत बसलेलं असतं. कुणी फुकट देत असेल तर तो कुठल्या प्लँटचा आहे ते विचारा, आणि जमलं तर इथं लिहा.